घोडागाडीचा टप आणि बायकांच्या डोक्यावरचा कॅलॅश

सुईदोरा

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाटक मंडळासाठी अठराव्या शतकातल्या इंग्लंडचे कपडे शिवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातल्या एका वस्तूने मला इतकं वेड लावलंय की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वस्तूचं नाव कॅलॅश. साधारण 1770 ते 1790 या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका घराबाहेर पडताना डोक्यावर घालत ती मिटती टोपी. पातळ रेशमी कापड, त्यात शिवलेल्या वेताच्या कमानी, मागे डोक्याच्या गोलाईवर चुण्या आणि पुढच्या कडेला एक लांब रिबीन. रिबीन ओढली की सगळ्या कमानी उलगडून चेहऱ्याच्याही पुढे येतात. रिबीन सोडली की एकावर एक पडून मानेमागे गोळा होतात. घोडागाडीचा टप जसा उघडतो-मिटतो, हुबेहूब तसं. नावही गाडीवरूनच आलं. कॅलेश ही हलकी, बुटक्या चाकांची, मागच्या बैठकीवर मिटता टप असलेली गाडी फ्रान्सपासून इंग्लंडपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची होती.

आता प्रश्न असा, की डोक्यावर टप हवा कशाला? तर केसांसाठी. 1774 मध्ये सोळावा लुई फ्रान्सच्या गादीवर आला आणि त्याच सुमारास पॅरिसमध्ये केस उंच रचायची चढाओढ लागली. आत लोकरीची किंवा घोड्याच्या केसांची उशी, तिच्यावर स्वतःचे केस ताणून घेतलेले, जनावराच्या चरबीचं सुगंधी मलम चोपडलेलं आणि वरून पिठीसारखी पांढरी पावडर. ही पावडर स्टार्चची असे. जून 1778 मध्ये बेल पूल नावाच्या फ्रेंच युद्धनौकेने इंग्रजांशी झुंज दिली, तर तिच्या कौतुकात डोक्यावर शिडांसकट जहाज मिरवणारी केशरचना निघाली. त्या काळची छापील चित्रं आजही बघायला मिळतात.

लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या दिमतीला असलेल्या मादाम काम्पांने आठवणींत लिहून ठेवलंय, की बायकांच्या डोक्यांना पुरेल इतक्या उंच गाड्याच मिळेनात. कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसे, कुणी गाडीत गुडघे टेकून. अशा डोक्यावर साधी टोपी ठेवली तर सगळी मेहनत चेपून जाणार. शाल घेतली तरी तेच, आणि पावसाचे चार थेंब पडले तर पावडरीची लापशी. कॅलॅश केसांना टेकत नाही. कमानींवर तोललेला असतो आणि केसांभोवती मोकळी जागा ठेवतो. हीच त्यातली खुबी.

तुम्हाला गाड्यांबद्दल, टपांबद्दल, अशा टोप्यांबद्दल काही ठाऊक असेल तर इथे जरूर लिहा.

नव्याने

सुरेख विषय! वाचनखूण साठवली आहे. एक शंका: कमानी वेताच्याच का? तार चालली नसती का?

सुईदोरा

@नव्याने, तार एकदा वाकली की वाकलेलीच राहते. दारात आपटली की टोपीला पोक आलं म्हणून समजा. वेत दाबला तर दबतो आणि सोडला की परत आपल्या गोलाईवर येतो. वजनही नगण्य. वेताऐवजी देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्याही वापरत. इंग्रजीत त्याला देवमाशाचं हाड म्हणतात, पण ते हाड नव्हे. दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून झालरीसारख्या लोंबणाऱ्या पट्ट्या असतात, आपल्या नखांच्याच जातीच्या पदार्थाच्या. ऊब दिली की हव्या तशा वळतात आणि थंड झाल्या की तो आकार धरून ठेवतात. त्या काळातल्या कंबर आवळणाऱ्या काचोळ्यांत (कॉर्सेटमध्ये) याच पट्ट्या असत.

साशंक

लेख आवडला, पण एका गोष्टीवर हरकत आहे. जहाजवाली केशरचना किती जणींनी केली असेल? आपण जी चित्रं बघतो त्यातली बरीचशी टिंगलीची आहेत. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर डार्ली पती-पत्नींचं छापील चित्रांचं दुकान होतं. उंच केसांची खिल्ली उडवणारी चित्रं त्यांनी 1770 च्या दशकात ढिगाने विकली. शिडी लावून केस रचणारा न्हावी वगैरे सगळं त्यातलंच. ती चित्रं खरी मानून एवढी मोठी टोपी समजावून सांगणं मला पटत नाही. शिवाय ज्यांचे केस इतके उंच, त्यांच्याकडे गाडी होतीच की. मग टोपी कुणासाठी?

सुईदोरा

@साशंक, मला नेमकं हेच बोलायचं होतं.

टिंगलीची चित्रं फुगवलेली आहेत हे अगदी मान्य. त्याच काळातली रंगवून घेतलेली घरगुती व्यक्तिचित्रं पाहिली तर केस कपाळावर वीतभर उंच, क्वचित जास्त. पण वीतभर उंचीही साध्या टोपीखाली मावत नाही, आणि केसांवर पुन्हा जाळीदार झालरींची घरातली टोपी असेच. तेवढ्यालाही कॅलॅशच लागतो.

आणि गाडीचं म्हणाल, तर माझं ठाम मत असं की कॅलॅश ही गाडी नसलेल्या बाईची वस्तू आहे. सरदारणीची बंद गाडी दारापासून दारापर्यंत जायची, तिला टोपीची गरज फार तर पायरीपासून गाडीपर्यंत. पण गावातल्या वकिलाची, डॉक्टरची, व्यापाऱ्याची बायको संध्याकाळी नाचाच्या किंवा पत्त्यांच्या बैठकीला निघाली की चालतच जायची. चिखलापासून बुटांना वर उचलणारे लोखंडी कड्यांचे खडावांसारखे जोड पायात, हातात कंदील आणि डोक्यावर कॅलॅश. पोचल्यावर रिबीन सोडायची, टोपी मिटवून खुंटीला अडकवायची आणि आत जाताना केस जसेच्या तसे.

दुसरा पुरावा म्हणजे ती टिकली किती. 1795 मध्ये इंग्लंडच्या सरकारने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) कर बसवला. त्याच दशकात उंच केसांची हौसही ओसरली. टोपी नुसती दरबारी केसांसाठी असती तर तिथेच संपली असती. पण 1820-30 च्या दशकांत ती पुन्हा जोरात होती, विशेषतः अमेरिकेत. तेव्हा डोक्याच्या माथ्यावर केसांच्या उभ्या गाठी बांधायची रीत होती आणि वर मोठमोठ्या झालरींच्या टोप्या. त्या वाचवायला जुना कॅलॅश परत बाहेर आला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आणि व्हर्जिनियातल्या कलोनिअल विल्यम्सबर्गच्या संग्रहात आजही कॅलॅश आहेत.

साशंक

चालत जाणारीची टोपी हा मुद्दा पटला. करावरून आठवलं: गाड्यांवरही इंग्लंडमध्ये कर होता, चाकांच्या संख्येवर. गाडी बाळगणं म्हणजे घोडे, तबेला, कोचमन आणि वर सरकारचा हिस्सा. मध्यम घरातल्या बाईला ते परवडण्यातलं नव्हतं हे खरंच.

गिरगावकर

सुईदोराताई, तुम्ही टपाचा विषय काढलात, आता मला राहवणार नाही. माझे एक नातेवाईक व्हिक्टोरिया गाड्यांची दुरुस्ती करायचे, मी लहानपणी त्यांच्याकडे तासन्‌तास बसून असे. त्यामुळे टपाचं काम जवळून पाहिलंय.

मुंबईची व्हिक्टोरिया म्हणजे चार चाकं, मागे दोघांची ऐसपैस बैठक, तिच्यावर मिटता टप, पुढे उंचावर कोचमनची जागा. टपाच्या आत लाकडाच्या वाफवून वाकवलेल्या कमानी असतात. सगळ्या कमानींचे पाय बैठकीच्या बाजूला जवळजवळ एकाच बिंदूपाशी येतात. बिजागरी तिथे. वरून चामडं. पण टप उघडा ठेवतो तो बाहेरच्या दोन्ही बाजूंना असलेला लोखंडी हात. त्याला मधोमध सांधा असतो, माणसाच्या कोपरासारखा. टप उभा करताना हा सांधा दाबून सरळ करायचा आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे ढकलायचा. एकदा तो पलीकडे गेला की समोरून कितीही वारा येवो, टप मागे पडत नाही. वारा उलट तो सांधा आणखी घट्ट करतो. मिटवायचा असेल तेव्हा खालून एक ठोसा द्यायचा, की सांधा सुटला.

आणि एक नियम ते कधी मोडू देत नसत: ओला टप मिटवायचा नाही. पावसात भिजलेलं चामडं घडी करून ठेवलं की घडीवरच तडकतं. गाडी तबेल्यात लावली की टप उभा ठेवूनच वाळवायचा, मग तेल.

जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशीच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोड्यांचे हाल मीही पाहिलेत. डांबरावर उन्हात उभे असायचे, खुरांची दशा बघवत नसे. निर्णय योग्यच होता. पण त्या गाड्यांबरोबर हे टप बांधणारे हातही गेले, आणि त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2021 पासून बिनघोड्याच्या, विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या, त्या नुसत्या दिसायला तशा.

सुईदोरा

गिरगावकर काका, तुमच्या एका प्रतिसादाने माझा मोठा प्रश्न सोडवला. कमानींचे पाय एकाच बिंदूपाशी! कॅलॅशमध्ये लोखंडी बिजागरी नसते. मग तो दुमडतो कसा, हे मला कळत होतं पण शब्दांत मांडता येत नव्हतं. सांगते.

कापडावर वेत ओवायला नळ्या शिवतात. दोन नळ्यांमधलं अंतर माथ्यावर चांगलं चार बोटं, आणि कानाखाली, जबड्याजवळ येताना कमी कमी होत जेमतेम बोटभर उरतं. म्हणजे सगळ्या कमानींची टोकं मानेजवळ एकत्र येतात, आणि मधली कापडाची ती चिंचोळी पट्टीच बिजागरीचं काम करते. गाडीत लोखंड जे करतं ते इथे रेशीम करतं. माथ्यावर कापड मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, त्यामुळे मिटताना ते कमानींच्या मधे आपोआप आत पडतं.

पण तुमचा तो कोपराचा सांधा मात्र टोपीत नाही. म्हणून समोरून वारा आला की कॅलॅश सरळ मागे पडतो. रिबीन हातात धरून ठेवायची ती याचसाठी. बाईचा हातच तो सांधा.

मेपललीफ

मी मॉन्ट्रियलला असते. इथे जुन्या शहरात घोडागाड्यांना सगळे कॅलेशच म्हणत. मूळची क्वेबेकची कॅलेश दोन चाकांची, पुढच्या पाटीवर गाडीवानाची छोटी बैठक आणि मागे मिटता टप. पर्यटकांच्या गाड्या पुढे बहुतेक चारचाकी झाल्या होत्या, पण नाव तेच राहिलं. 31 डिसेंबर 2019 हा त्यांचा शेवटचा दिवस, त्यानंतर शहरात बंदी. कारणं मुंबईसारखीच: उन्हाळ्यातला उष्मा, रहदारी, घोड्यांचे अपघात.

फिलिपिन्सला गेलात तर मनिलाच्या जुन्या तटबंदीत आणि विगानमध्ये कलेसा दिसेल. तीही दोन चाकांची, स्पॅनिश अमलात आलेली. एकच गाडी जगभर फिरून प्रत्येक ठिकाणच्या रस्त्याप्रमाणे बदलली.

करवीरचा

आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा खडखडा प्रसिद्ध. नव्या घोड्यांना गाडीची सवय लावायला वापरतात ती जड, उघडी, सांगाडा गाडी. तिला ना टप ना गादी, चालताना नुसती खडखडते. महाराज स्वतः ती हाकत फिरायचे. राजवाड्यात उत्तम गाड्या असताना! टपाच्या धाग्यावर बिनटपाच्या गाडीचं सांगतोय, पण आमच्याकडे गाडीचा विषय निघाला आणि खडखडा आला नाही असं होत नाही.

विचारायचं होतं: कॅलेश, व्हिक्टोरिया, लँडो, फेटन ही सगळी नावं वाचनात येतात. फरक टपाचाच का?

गिरगावकर

@करवीरचा, बराचसा टपाचाच. लँडोला दोन टप, पुढून एक आणि मागून एक. दोन्ही मधोमध येऊन मिळाले की गाडी बंद, दोन्ही पाडले की उघडी. आतली माणसं समोरासमोर. जर्मनीतल्या लांडाऊ गावाचं नाव तिला आहे. बरूशला एकच टप, तोही मागच्या बैठकीपुरता. समोरच्या बैठकीवर बसणारा उन्हात. व्हिक्टोरियाला समोर बैठकच नाही. फेटन मालकाने स्वतः हाकायची. कॅब्रिओले दोन चाकांची, एका घोड्याची, मिटत्या टपाची. भाड्याच्या गाडीला कॅब म्हणतात ते तिच्यावरूनच.

एक मजेशीर खूण सांगतो. अमेरिकेत शववाहिका बघितली तर मागच्या बाजूला इंग्रजी एस अक्षरासारखा चकचकीत धातूचा दांडा लावलेला असतो. तो लँडोच्या टपाचा तोच सांधा. गाडीचं छत पक्कं पत्र्याचं, टप नाही, उघडत काही नाही, पण सांधा शोभेला उरला आहे.

आणि स्प्रिंगांबद्दलही एक. जुन्या गाड्यांचं खोकं चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेलं असे, त्यामुळे गाडी झोके खाई. लंडनच्या ओबेदाया एलियटने 1804 मध्ये लंबगोल स्प्रिंगचं पेटंट घेतलं. ती थेट आसावर बसते. त्यानंतर गाड्या हलक्या झाल्या, बुटक्या झाल्या. व्हिक्टोरियात साडी नेसलेली बाई एका पायदानावरून चढू शकते, ती या स्प्रिंगच्या जोरावर.

साशंक

कॅब्रिओलेवरून एक भर. गाडी डोक्यावर चढवण्याची हौस कॅलॅशच्या आधीचीच आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 1755 मधल्या एका पत्रात पॅरिसची बातमी दिली आहे, की तिथे कॅब्रिओलेचं वेड पसरलंय. पुरुष वासकटांवर गाड्या रंगवून घेतात, मोज्यांवर भरून घेतात, आणि बायकांच्या टोप्यांच्या गोल बाजू गाडीच्या चाकांएवढ्या झाल्यात. म्हणजे वीसेक वर्षं आधी गाडीचं चित्र टोपीवर आलं होतं. कॅलॅशमध्ये गाडीची यंत्रणा आली. हा फरक सुईदोरा यांच्या मुद्द्याला बळकटीच देतो.

सुईदोरा

वा! हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार.

रानवाट

कोकणातून लिहितोय. तुमचं वर्णन वाचताना मला सारखं आमचं इरलं आठवत होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं बसवलेली, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. लावणीच्या वेळी ओणवं होऊन दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरणार कोण? इरलं पाठीवर आपोआप राहतं. कॅलॅशसारखंच शरीराला न टेकता पाऊस बाहेर ठेवतं, आत हवा खेळती. फक्त ते मिटत नाही आणि ते हात मोकळे ठेवतं, तर तुमच्या कॅलॅशला एक हात अडकवावा लागतो. शेतातल्या बाईला तो परवडला नसता.

सुईदोरा

@रानवाट, फार नेमकं बोललात. कॅलॅशमधला तो अडकलेला हात हीच त्या टोपीची खरी ओळख. जिला एक हात रिकामा ठेवणं शक्य होतं तिचीच ती टोपी. गाडीवालीला ती नको, शेतावरचीला ती चालायची नाही. मधल्या बाईची.

नव्याने

ताई, रंगाबद्दल सांगा ना. आणि हा प्रकार पुढे संपला कसा?

सुईदोरा

जपून राहिलेल्या कॅलॅशांत हिरवा रंग खूप दिसतो, आतून गुलाबी अस्तर. काळे आणि तपकिरीही आहेत. गुलाबी अस्तरातून झिरपणारा उजेड चेहऱ्यावर पडला की रंग खुलून दिसतो, त्यामुळे ती निवड अगदी विचारपूर्वक केलेली वाटते. हिरवा त्या काळी एका रंगात मिळत नसे. निळीत बुडवून वर पिवळा चढवत. पिवळा उन्हाने आधी उडतो, म्हणून जुनी हिरवी कापडं बऱ्याचदा निळसर झालेली दिसतात.

संपला तो केसांमुळेच. 1840 च्या सुमारास केस मधोमध भांग पाडून कानांवर चापून बसवायची पद्धत आली, डोक्यालगतची बॉनेट टोपी सगळ्यांनी घातली. पण कमानींची कल्पना मेली नाही. 1840 आणि 50 च्या दशकांत इंग्लंडमध्ये 'अग्ली' नावाचा प्रकार निघाला. वेताच्या किंवा तारेच्या तीन-चार कमानी, त्यावर रेशीम, आणि हा तुकडा बॉनेटच्या पुढच्या कडेला बांधायचा. समुद्रकिनारी, प्रवासात ऊन लागू नये म्हणून. ऊन गेलं की मिटवून पिशवीत. म्हणजे कॅलॅशचा नुसता पुढचा भाग उरला. पुढे बाबागाडीवर टप आला, तो तर गिरगावकर काकांच्या त्याच सांध्यासकट.

मेपललीफ

मला एक शिवून बघायचा आहे. वेत इथे विणकामाच्या दुकानात मिळतो. माप कसं काढू?

सुईदोरा

@मेपललीफ, आधी केस रचा किंवा डोक्यावर तेवढ्या उंचीची उशी बांधा. मग एका जबड्यापासून, केसांच्या वरून, दुसऱ्या जबड्यापर्यंत दोरी धरा, केसांपासून तीन बोटं दूर. ती तुमची सगळ्यात पुढची, सगळ्यात मोठी कमान. मागच्या प्रत्येक कमानीला थोडं थोडं कमी करत जा. मागची गोलाई वेगळ्या कापडाची, चुण्या घालून बसवायची.

वेत तासभर कोमट पाण्यात भिजवा, बादलीच्या आतल्या कडेला वळवून रात्रभर वाळू द्या, मगच नळीत ओवा. ओला वेत रेशमावर डाग पाडतो. टोकं घासून गोल करा आणि चिंधीच्या पट्टीने गुंडाळा, नाहीतर दोनदा मिटवल्यावर नळीतून बाहेर येऊन गालाला टोचतात. कापड कडक हवं पण जाड नको. टाफेटा उत्तम. क्रेप किंवा शिफॉन घेतलंत तर कमानींच्या मधे झोळ पडेल.

रिबीन पुढच्या कमानीच्या मध्यावर शिवू नका. दोन्ही बाजूंना, गालांच्या वरच्या उंचीवर शिवा, म्हणजे ओढ सारखी बसते.

गिरगावकर

@मेपललीफ, आणि पावसात घालून बघितलात तर ओला मिटवू नका. उभाच वाळवा.

मेपललीफ

काका, ताई, दोघांचेही आभार. वेत आजच भिजत घालते. झाला की फोटो इथेच टाकेन.